कुर्ल्याचा सीएसटी रोड: लोखंड जुनं घ्या, रबर नवीन

आधी मार्क सांगून टाकतो. कुर्ला पश्चिमेच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या स्पेअर बाजाराला लोखंडासाठी पाचपैकी साडेचार, पत्र्यासाठी तीन, रबरासाठी भोपळा. आणि तिथल्या ‘भाय, एकदम ओरिजिनल है’ या वाक्याला मार्कच नाहीत, ते वाक्य समोरच्या दुकानात पण ऐकायला मिळतं, त्याच पार्टबद्दल, वेगळ्या रेटला.

गाडी म्हणजे घरीच पूर्ण खोलून परत बांधतोय ती मारुतीची जिप्सी किंग, ९८ची, कार्ब्युरेटरवाली. मुलुंड पूर्वेला काकांच्या जुन्या बिल्डिंगखाली एक गॅरेज आहे, त्यात आधी काकांची पद्मिनी होती, मग वर्षानुवर्षं लोकांच्या लग्नाच्या मांडवाचं सामान होतं, आता जिप्सी आहे. चासी एका भिंतीला, बॉडी लाकडी ठोकळ्यांवर, इंजिन टायरवर बसवलेलं, आणि उरलेल्या जागेत मी आणि एक पंखा. काका संध्याकाळी खाली येऊन एकदा बघतात आणि ‘अरे तू गाडी बनवतोयस का भंगाराचं दुकान काढतोयस’ म्हणून वर जातात. असो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जिप्सी आली १९८५च्या डिसेंबरमध्ये, ९७० सीसी, चार गियर, ४५ बीएचपीच्या आसपास. मग ९३ला चाकांमधलं अंतर वाढवलेली वाइड ट्रॅक आली, ९६ला १.३ लिटरची किंग पाच गियरवाली, साठ बीएचपी, आणि २००० साली तिलाच सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवालं, इंजिन बसून ८० बीएचपी झाले. सामान्य गिऱ्हाइकाला ती मिळणं बंद झालं २०१८-१९च्या सुमारास, आर्मीला नंतर पण जात राहिली. म्हणजे होतं काय, गाडी एकच दिसते पण आत चार वेगळ्या गाड्या आहेत, आणि बाजारात पार्ट मागताना नुसतं ‘जिप्सी का चाहिये’ म्हटलं की समोरचा जे हाताला लागेल ते काढून देतो. एमजी४१० (९७० सीसी) का एमजी४१३ (१.३ लिटर), नॅरो का वाइड, कार्ब का एमपीएफआय हे पाठ करून जा. त्याहून सोपं म्हणजे जुना पार्ट गोणीत घालून सोबत घेऊन जा आणि काउंटरवर ठेवा. अर्धी बडबड तिथेच वाचते.

बाजार म्हणजे एक जागा नाही, कुर्ला पश्चिमेपासून कलिन्याच्या दिशेला रस्त्याच्या कडेकडेने आणि आतल्या गल्ल्यांमधून पसरलेलं प्रकरण आहे. पुढे बरीचशी दुकानं सीट कव्हर, लाईट, म्युझिक सिस्टिम असल्या नटण्यामुरडण्याची. आपल्याला पाहिजे ते मागे. तिथे दरवाजे पुस्तकांसारखे उभे लावलेले, गियरबॉक्सचे ढीग, एक्सलचे ढीग, आणि प्रत्येक दुकानदाराचं स्वतःचं गाड्यांचं खातं ठरलेलं. कोणी फक्त होंडा, कोणी फक्त टोयोटा, कोणी जुनी मारुती. जिप्सी आणि महिंद्राचं सामान ठेवणारे थोडे आहेत पण आहेत, आणि एकाकडे नसलं तर तोच पोरग्याला पाठवून दुसऱ्याकडून आणून देतो, अर्थात मध्ये स्वतःचे दोन पैसे लावून. ते टाळायचं असेल तर त्या पोरग्याच्या मागे मागे चालत जा. जमतं ते.

आता मुद्द्याचं, ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा आणि हाय-लो गियर देणारा डबा. जिप्सीत हा डबा गियरबॉक्सला चिकटलेला नसतो, वेगळा चासीवर रबरी माउंटवर लटकतो आणि मध्ये एक छोटा शाफ्ट असतो. त्यामुळे तो एकटा उतरवता येतो, एकटा विकत घेता येतो, आणि बाकेवर ठेवून हाताने तपासता येतो, ही या गाडीची सगळ्यात मोठी मेहेरबानी आहे घरी काम करणाऱ्यावर. माझ्या गाडीतला डबा फोरव्हीलमध्ये जायचा आणि लो टाकलं की थोड्या वेळाने आपोआप बाहेर उडी मारायचा, आतले दात गोल झालेले. नवीन गियर सेट शोधण्यापेक्षा चांगला डबा जुना घेणं केव्हाही परवडतं.

तपासायचं असं. खडू घेऊन जा. इनपुटच्या फ्लँजवर, म्हणजे शाफ्ट जोडायच्या चकतीवर, एक खूण, आउटपुटच्या दोन्ही फ्लँजवर एकेक खूण. लिव्हर २एचवर (टू-व्हील, हाय) टाकून इनपुट हाताने फिरवा, फक्त मागचा आउटपुट फिरला पाहिजे. ४एचवर (फोरव्हील, हाय) दोन्ही. न्यूट्रलला कुठलाच नको. आता मोजा: किंगच्या डब्यात हायमध्ये आउटपुटची एक फेरी व्हायला इनपुटच्या साधारण १.४ फेऱ्या लागतात, आणि लोमध्ये साधारण २.३. आकडा भलताच आला तर डबा दुसऱ्या मॉडेलचा आहे, ४१०चा रेशो वेगळा, दुकानदार काहीही म्हणू दे. मग ड्रेन प्लग उघडायला सांगा, तेल बोटांवर चोळा. राखाडी बारीक पावडर चालते, इतक्या वर्षांत तेवढं झिजणारच, पण बोटाला टोचणारे कण लागले तर नमस्कार करून पुढच्या दुकानात. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, आणि मुंबईचा भंगारातला माल एखादा तरी पावसाळा उघड्यावर काढून आलेला असतोच. मग फ्लँज वर-खाली हलवून बघा, खेळ असेल तर बेअरिंग गेली, पण बेअरिंग गेली म्हणून डबा सोडू नका, उलट तेवढं सांगून भाव पाडा, बेअरिंग नवीनच टाकायची असते.

हे सगळं करू देतात का? देतात. जो करू देत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही, इतकं साधं. मला ज्याने डबा दिला त्या चाचांनी स्वतः प्लग खोलून दिला आणि वर ‘लेके जाओ, खोलके देखो, दात टूटा निकला तो वापस लाना’ म्हणाले. पावती मागितली तर कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून दिली. चालतंय. घरी खोलला, दात चांगले, एक बेअरिंग खरखरत होतं आणि सील सगळे वाळलेले.

एक्सल हौसिंगचं पण तसंच. जिप्सीला पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड एक्सल, खाली पाटे. पुढच्या हौसिंगच्या दोन्ही टोकांना गोळा असतो, त्याच्यावर नकल, म्हणजे चाक ज्याच्यावर बसून वळतं तो भाग, फिरतो. त्या गोळ्यावरून नख फिरवा. नख अडकलं, म्हणजे गंजाने खड्डे पडलेत, तर नवीन सील टाकलं तरी काही दिवसांत ग्रीस चाकावर ओघळणार. गुळगुळीत असेल तर घ्या, बाकी कितीही घाण असू दे. आणि डिफ (डिफरेन्शियल, एक्सलच्या आतला गियरचा संच) सकट घेत असाल तर दात मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. क्राऊनचे (मोठ्या गियरचे) दात भागिले पिनियनचे (छोट्याचे) दात, म्हणजे ३७ भागिले ९ असेल तर ४.११. पुढचा आणि मागचा रेशो एकच पाहिजे, नाहीतर फोरव्हीलमध्ये टाकल्यावर पुढची चाकं एक म्हणतात आणि मागची दुसरं, आणि मध्ये ट्रान्सफरचा जीव जातो. या गाडीला पुढच्या-मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरेन्शियल नाही, म्हणून कोरड्या डांबरावर फोरव्हील टाकून वळायचंच नसतं. लिंक रोडवर फोरव्हीलची लिव्हर ओढून मित्रांना दाखवणारे महाभाग मी पाहिलेत.

इथपर्यंत कुर्ल्याचं कौतुक. आता रबर.

ऑइल सील, ब्रेकचे होज, व्हील सिलेंडरच्या वाट्या, पाट्याचे बुश, इंजिन माउंट, विंडशिल्डचं बीडिंग, यातलं काहीही, खरंच काहीही, तिथून घेऊ नका. दिसायला छान काळं असतं कारण डिझेलने पुसलेलं असतं. रबर न वापरता नुसतं पडून राहिलं तरी कडक होतं, उन्हात तर आणखी लवकर, आणि तिथे सगळं उन्हात. माझ्या एका मित्राने कुठल्याशा दुकानातून ‘न्यू ओल्ड स्टॉक’ (जुना पण न वापरलेला) म्हणून ब्रेक होज आणला, बोटात धरून वाकवला तर वळणावर बारीक भेगांची जाळी उघडी पडली. तो होज चाळीसच्या स्पीडला फुटला असता तर? टायर पण त्यातलेच. साईडवॉलवर कंपनीच्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ते वाचा, टायरचे दात वाचू नका.

रबरासाठी दोन जागा. मारुतीचे जेन्युइन पार्ट पार्ट नंबर देऊन मागवा, जिप्सी बंद झाली तरी झीज होणाऱ्या बऱ्याच गोष्टी अजून येतात, नाहीतर ऑपेरा हाऊसला नवीन स्पेअरच्या दुकानांत चांगल्या कंपनीचं मिळतं. आणि बेअरिंग, साधे ऑइल सील, हाय टेन्साइल बोल्ट यासाठी नागदेवी स्ट्रीट. मस्जिद बंदरला उतरून चालत जा, गर्दीत खांदे घासत. बेअरिंगच्या रिंगवर नंबर कोरलेला असतो, तो नंबर जगभर एकच माप सांगतो, त्यामुळे ‘जिप्सीचं बेअरिंग द्या’ म्हणण्यापेक्षा नुसता नंबर सांगा, गाडीचं नावसुद्धा घ्यायची गरज नाही आणि गाडीच्या नावाचा भाव पण लागत नाही. ऑइल सीलवर पण माप असतं, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. या बाजाराला मी पाचपैकी पाच देतो. तिथल्या माणसाने जुनं बेअरिंग हातात घेऊन फिरवलं आणि न बघता ‘किंगपिनचं ना’ विचारलं, तेव्हाच मला कळलं की हा इथे जन्मापासून बसलाय.

किंगपिनवरून आठवलं. जुनी जिप्सी घेणाऱ्या प्रत्येकाची एक तक्रार ठरलेली, साठ-सत्तरच्या स्पीडला खड्डा लागला की स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि ब्रेक मारल्याशिवाय थांबत नाही. गॅरेजवाले आधी बॅलन्सिंग करतात, मग टाय रॉड एंड बदलतात, मग स्टिअरिंग डॅम्पर बदलायला सांगतात. डॅम्पर बदलून थरथर झाकली जाते, जात नाही. बऱ्याच वेळा मूळ तिथे नकलच्या वर-खाली बसणाऱ्या त्या दोन छोट्या किंगपिन बेअरिंगमध्ये असतं. ती झिजली की नकल सैल होतो. काम घरी होण्यासारखं आहे: चाक, कॅलिपर, हब काढा, वरची-खालची किंगपिन काढा, कप ठोकून बाहेर, नवीन बसवा, आणि शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करून नकल किती घट्ट फिरतो ते ठरवा. हे ठरवायला मॅन्युअलमध्ये स्प्रिंग काट्याने ओढून मोजायला सांगितलंय, गोल सील न लावता, टाय रॉड सोडवून. काटा कुठून आणायचा? आमच्या नाक्यावरच्या रद्दीवाल्याकडे हुकवाला काटा होता, संध्याकाळी मागून आणला, तो बिचारा सोबतच आला, कारण त्याला बघायचं होतं की गाडीचं वजन असं कसं करणार.

पत्र्याचं मिक्स आहे. दरवाजे, बॉनेट, मागचा फाळका चांगले मिळतात पण खिशात चुंबक ठेवा. फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा, जिथे पकड ढिली होते तिथे आत पुट्टी. जिप्सी सडते ती ठरलेल्या जागी: पायाखालचा फ्लोअर, पुढच्या मडगार्डच्या मागची खाच, विंडशिल्ड फ्रेमचे खालचे कोपरे, आणि बॉडी चासीवर जिथे बसते ते माउंट. फ्लोअरसाठी जुना पत्रा अजिबात घेऊ नका, नवीन शीट आणून कापून वाकवून घ्या. आर्क वेल्डिंगने बारीक पत्रा जळून भोकं पडतात, मिग पाहिजे, आणि सलग लाईन न मारता थोडं थोडं अंतर ठेवून टॅक मारत जायचं नाहीतर पत्रा पापडासारखा वळतो. ग्राइंडर दुपारी दोन ते चार बंद, ही आमच्या बिल्डिंगची अट आहे आणि ती रास्त आहे.

छोटे गंजलेले पार्ट, ब्रॅकेट, बिजागऱ्या, शॅकल, यांना घासत बसू नका. प्लॅस्टिकचा ड्रम, पाणी, धुण्याचा सोडा आणि जुना बॅटरी चार्जर. पार्टला निगेटिव्ह, पॉझिटिव्हला साध्या लोखंडाची टाकाऊ पट्टी, रात्रभर नाही पण दिवसभर नजरेसमोर ठेवा. गंज सुटून काळा थर राहतो, तो ब्रशने निघतो. पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि यातून हायड्रोजन निघतो, गॅरेजचं शटर उघडं पाहिजे, बिडी ओढणाऱ्याला लांब ठेवा. बाहेर काढल्यावर धुऊन सुकवून लगेच प्रायमर मारा, कारण मुंबईच्या हवेत कोरं लोखंड डोळ्यांदेखत लाल होतं, जुलैत तर चहा पिऊन येईपर्यंत. टू-पॅक एपॉक्सी प्रायमर महाग वाटतो पण चासीला दुसरं काही मारू नका.

आता कागदपत्रं, कारण या बाजारात जाणारा प्रत्येकजण कधी ना कधी ‘पूरा इंजिन ले जाओ’च्या मोहात पडतो. चासी तर भंगारातून घ्यायचीच नाही, तिच्यावर नंबर असतो आणि तो नंबर म्हणजेच गाडी. इंजिनावर पण नंबर असतो, बदलायचं तर बिल, आधीच्या गाडीचे कागद आणि आरटीओची परवानगी, मग आरसीवर नोंद. यातलं काही दुकानदाराकडे नसेल तर ते इंजिन चोरीच्या गाडीचं आहे का नाही हे तुम्हाला कळणार कसं. हेड, कार्ब, स्टार्टर, अल्टरनेटर घ्या, नंबरवाला ब्लॉक राहू द्या. आणि रंग: जिप्सी म्हटली की सगळ्यांना आर्मीचा ऑलिव्ह ग्रीन पाहिजे असतो. तो रंग सैन्याच्या गाड्यांनाच चालतो, मोटार वाहन नियमांमध्ये १२१ नंबरचा नियम आहे त्यासाठी. दुसरा कुठलाही रंग करा, पण आरसीवरचा बदलून घ्या. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण असतंच, वीस वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून त्याची फी दहा हजार झाली, पर्यावरण कर वेगळा. बजेटमध्ये धरा, कोणी धरत नाही.

भावाचं सांगायचं तर पहिला आकडा ऐकून हसू नका, नुसते गप्प बसा. अर्ध्यापासून सुरुवात करा. दोन पार्ट एकत्र घेतले तर दुसरा खूप स्वस्त पडतो. सकाळी उशिरा जा, फार लवकर गेलात तर शटर खाली, आणि भवानीच्या वेळेला घासाघीस केली तर चेहरे पडतात. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला बरीच दुकानं बंद असतात. ट्रान्सफरचा डबा घेतला तर रिक्षाने कुर्ला स्टेशन आणि तिथून लोकलचा मालडबा, दुपारच्या वेळी. डब्यातले मासेवाले आणि फुलवाले जागा करून देतात, फक्त गोणीखाली जाड पुठ्ठा घाला, तेल गळलं तर शिव्या मिळतात आणि त्या बरोबर असतात. एक्सलला मात्र टेम्पोच.

हबलॉक, म्हणजे पुढची चाकं एक्सलला जोडायची-सोडायची कुलपं, तिथून घ्यायचे का, असं विचारणारे बरेच असतात. गाडीला हाताने फिरवायचे हबलॉक असतील आणि एक खराब असेल तर घ्या, पण जोडी घ्या, एक नको. फ्री आणि लॉक दोन्हीकडे फिरवून बघा, आत बोट घालून दात चाचपा, आणि वरचा डायल प्लॅस्टिकचा असेल तर तडे बघा. मला मिळालेल्या जोडीतला एक अडकून बसलेला होता, खोलून केरोसीनमध्ये टाकला, आतलं जुनं ग्रीस मेणासारखं झालेलं होतं, साफ केल्यावर टक्कन फिरला. थोडंसंच ग्रीस लावून बंद केला, ठासून भरलं तर परत अडकतो.